मिरवणुकीच्या गाडीचं तेल

आमच्या घराची मागची भिंत आणि दादांच्या गॅरेजची पुढची भिंत एकच होती. आईने मिरचीची फोडणी टाकली की गाडीखाली आडवे पडलेले दादा खोकायचे, आणि दादांनी एखादं इंजिन चालू केलं की आमच्या फळीवरची पितळी भांडी थरथरायला लागायची. "डब्यातले पोहे आपोआप चाळून निघतात, तेवढाच तुमच्या धंद्याचा उपयोग," आई म्हणायची. आम्ही नाशिक रोडला रुळांपासून हाकेच्या अंतरावर राहत होतो. सकाळी नोटांच्या प्रेसचा भोंगा वाजला की दूध तापवायचं, मालगाडी खडखडत आली की बोलणं थांबवायचं आणि शेवटचा डबा गेला की सोडलेल्या शब्दापासून पुन्हा सुरू करायचं, ही सवय आमच्या सगळ्या गल्लीला होती. आता मी पाचव्या मजल्यावर राहते. इथे बोलता बोलता मी मधेच थांबते आणि सून विचारते, "काय झालं आई?" तिला काय सांगणार, की मालगाडी जायची वाट बघतेय.

दादा म्हणजे माझे वडील. त्यांनी देवळालीला लष्कराच्या वर्कशॉपात बरीच वर्षं काम केलं होतं. ती कायमची नोकरी सोडून त्यांनी हे पत्र्याचं शेड घातलं, तेव्हा माझे मामा घरी येऊन आईला म्हणाले होते, "अक्का, दाजींना ऊन लागलंय." दादा त्यावर पोट धरून हसले. पण संध्याकाळी शेड बंद करताना ते थोडा वेळ रस्त्याकडे बघत उभे राहायचे, ते मी पाहायची. आमच्याकडे यायच्या त्या शेजारपाजारच्या स्कूटरी, एक भाजीवाल्याचा टेम्पो आणि एका शाळेची जुनी बस. दादांना ट्रॅक्टर हवे होते. दिंडोरी-वणीकडे द्राक्षाच्या बागा वाढत चालल्या होत्या, शेतकरी ट्रॅक्टर आणि फवारणीची इंजिनं घेत होते, पण ती सगळी दुरुस्तीला शहरातल्या मोठ्या गॅरेजांकडे जायची. आमच्या पत्र्याखाली त्या बाजूचं एक चाकही आलं नव्हतं. आणखी एक वर्ष असंच गेलं तर पुन्हा कुणाच्या तरी हाताखाली नोकरी धरायची, असं त्यांनी आईला सांगून ठेवलं होतं.

मी चौथी पास झाले त्या वर्षी आई छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळली. पाचवीची शाळा लांब होती. मी थोडे दिवस म्हणून घरी राहिले आणि आई बरी होऊन उठली, तोवर माझ्या वर्गातल्या मुली सातवीत गेल्या होत्या. आईला त्याचं वाईट वाटायचं आणि ती तसं बोलून दाखवायची. दादा त्याबद्दल कधीच बोलले नाहीत. आमच्या घरात देव्हारा नव्हता. बुद्धाची तसबीर होती आणि तिच्याखाली पुस्तकांची फळी. दादा मोठेपणी वर्गाला जाऊन इंग्रजी वाचायला शिकले होते आणि छापलेल्या अक्षरावर त्यांचा इतका विश्वास होता, की खोकल्याच्या बाटलीवरचा सगळा मजकूर वाचून झाल्याशिवाय ते चमच्यात औषध ओतायचे नाहीत. तोवर आपण खोकत बसायचं.

शाळा सुटल्यावर मी दादांच्या हाताशी आले. सुटे भाग रॉकेलमध्ये धुवायचे, नट-बोल्ट डब्यात वेगळे ठेवायचे आणि तेल मोजून द्यायचं, ही माझी कामं. इंजिनच्या तेलाला नंबर असतात. नंबर वाढेल तसं तेल जाड. डब्यांवरची इंग्रजी नावं मला वाचता येत नव्हती, पण मला ती कधी लागलीही नाहीत, कारण आई तेव्हा लग्नाकार्याचे रव्याचे लाडू करून द्यायची आणि पाक बघायचं काम माझ्याकडे होतं. उलथन्यावरचा थेंब अंगठा आणि बोटात धरायचा, बोटं हळूच लांब करायची आणि तार बघायची. एकतारी, दोनतारी, गोळीबंद. मला तो नाद लागला होता. गॅरेजातल्या तेलाचा थेंबही मी न कळत तसाच बोटात धरायची. दादांनी एकदा ते पाहिलं. त्यांनी तीन वाट्यांत तीन नंबरची तेलं ओतली, माझ्या डोळ्यांवर फडकं बांधलं आणि विचारलं, "सांग सुमे." मी तिन्ही ओळखली. वाट्यांची जागा बदलून त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा ओळखली. मग त्यांनी आईला हाक मारून बाहेर बोलावलं आणि तिच्या डोळ्यांवर फडकं बांधलं. आईला एकही आलं नाही. "मला ते ओशट लागतंय एवढंच कळतंय," ती म्हणाली आणि तिन्ही बोटं तिने दादांच्या सदऱ्याला पुसली.

एवढं असूनही गिऱ्हाईक आलं की मी तेलाच्या पिंपामागे जाऊन बसायची.  टेम्पोवाल्याने एकदा सरळ विचारलं, "मिस्त्री, पोरगी मुकी आहे का?" "बोलते की," दादा म्हणाले. "कमी बोलते, म्हणून बरोबर बोलते." मला तेव्हा सतरावं लागलं असेल.

त्या उन्हाळ्यात एका दुपारी आमच्या शेडसमोर बैलगाडी थांबली आणि तिच्यामागे दोरखंडाने बांधलेली एक मोटार. तशी मोटार मी आधी पाहिली नव्हती. हिरवी, बुटकी, कापडी छप्पर मागे घडी केलेलं, फक्त दोन माणसांना जागा, आणि पुढचं नाक एवढं लांब की निम्मी गाडी नाकच. बैलगाडीतून तिशीचे एक गृहस्थ उतरले. पांढरे कपडे, टोपी, आणि बोटांना फवारणीच्या मोरचुदाचा निळा डाग. त्यांचं नाव दौलतराव. दिंडोरीच्या पुढे त्यांची द्राक्षबाग होती. देवळालीचे एक म्हातारे साहेब गाव सोडून निघाले, तेव्हा त्यांच्याकडून ही शर्यतीची जुनी गाडी दौलतरावांनी हौसेने घेतली होती.

"रामराम मिस्त्री," ते म्हणाले. "शर्यतीची गाडी बैलांनी वढीत आणली, आता हसायचं तर हसून घ्या. मग कामाला लागा."

दादा हसले नाहीत. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि एखाद्या पाहुण्याच्या अंगावरून हात फिरवावा तसा त्या लांब नाकावरून हात फिरवला. "काय होतंय हिला?"

"काय होतंय? मी तिला मुंबईचं नवं तेल पाजलं. लय भारी तेल, इंजिन आतनं धुऊन काढतं म्हणत्यात. बागेला कसं, नवं औषध निघालं की मी पहिलं मारतो. तसंच हिला. चार दिवस पळाली आन् मग काटा पडला."

गाडीत समोर एक छोटं घड्याळासारखं असतं. इंजिनात तेल किती जोराने फिरतंय ते त्याचा काटा दाखवतो. काटा शून्याकडे गेला की समजायचं, आता आत लोखंड लोखंडावर घासणार आणि इंजिन जाम होणार. दादांनी तेव्हाच खाली शिरून इंजिनच्या बुडाशी असलेली तेलाची तळवाटी उघडली. आत काकवीसारखा काळा गाळ. वीस-पंचवीस वर्षं जिथल्या तिथे चिकटून राहिलेला मळ त्या धुणाऱ्या तेलाने एकदम सोडवला होता आणि तो सगळा तेल गाळायच्या जाळीत येऊन बसला होता.

"दौलतराव, तुम्ही म्हातारीला जुलाब दिला," दादा गाडीखालून म्हणाले.

दौलतराव एवढ्या मोठ्याने हसले की बैल दचकले. मग मात्र ते गंभीर झाले आणि उकिडवे बसून गाडीखाली वाकून बोलू लागले. बारा दिवसांनी त्यांच्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. नवरदेव नाशिक शहरातला, शिकलेला. मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत त्याची मिरवणूक याच गाडीतून काढायची, असं त्यांनी सगळ्या पंचक्रोशीत सांगून ठेवलं होतं. "गाडी मधीच बंद पडली, तर माझी बहीण जलमभर सासरी ऐकंल. भावानं नवरदेवाला ढकलत आणला म्हणून. मोठ्या गॅरेजवाल्यांनी हात नाय लावला. म्हणले, जुनी हाय, जिम्मेदारी घेत नाय. तुम्ही घेता का?"

"घेतो," दादा म्हणाले. मी पिंपामागून सगळं ऐकत होते. गाडी चालली तर त्या बाजूचे सगळे ट्रॅक्टरवाले मिरवणुकीत उभे राहून ती चालताना बघणार होते. बंद पडली तर तेही तेच लोक बघणार होते.

आठ दिवस आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. जाळी, नळ्या, तळवाटी मी रॉकेलने धुतली, पुन्हा धुतली, जुन्या धोतराच्या फडक्याने पुसली. रॉकेलचे हात भाकरीला लागू नयेत म्हणून आई मला घास भरवायची. बाजरीची भाकरी, सुकटाची चटणी आणि मधून मधून एक धपाटा. दादांना गाडीच्या खणात एक इंग्रजी पुस्तक सापडलं होतं. गाडी बनवणाऱ्यांनीच छापलेलं, चित्रांसकट. ते त्यांनी स्वच्छ कागदात गुंडाळून घरातल्या पुस्तकांच्या फळीवर ठेवलं आणि रोज जेवणानंतर हात धुऊन वाचलं. त्यात लिहिलं होतं, या इंजिनला तीस नंबरचं तेल. म्हणून तीस नंबरचं तेल घातलं. गाडी सुरू झाली. फळीवरची भांडी अशी वाजायला लागली की आई बाहेर येऊन म्हणाली, "ही तर सगळ्यांत भांडखोर आहे."

"चल सुमे, चालवून बघू," दादा म्हणाले.

मी जन्मात पहिल्यांदा तशा गाडीत बसले आणि शेवटचंही. जमीन एवढी जवळ होती की हात खाली सोडला तर खडी लागेल. गल्लीतून जाताना मी मान खाली घातली होती, पण सिन्नरच्या रस्त्याला लागल्यावर दादांनी पाय दाबला आणि वाऱ्याने माझी मान आपोआप वर झाली. वेणी सुटली, रिबन कुठे गेली ती गेलीच. दादा ओरडून काहीतरी सांगत होते, मला ऐकू येत नव्हतं, आणि आम्ही दोघंही उगाच हसत होतो. काटा वर, चाळिसाच्या पुढे, ठाम. बाभळी, उसाचा रस काढणारे, एक मेंढरांचा कळप, सगळं मागे पळत होतं. आता माझा नातू मला मोठ्या गाडीतून नेतो, काचा बंद, आत गारवा. त्याला मी म्हणते छान आहे. पण वेग मी एकदाच पाहिला, तो त्या दिवशी.

परत येताना रेल्वेचं फाटक लागलं. मालगाडी चालली होती, लांबलचक. भर दुपारचं ऊन. इंजिन चालूच होतं, नुसतं जागेवर गुरगुरत. माझं लक्ष काट्याकडे गेलं. तो हळूहळू खाली येत होता. वीस. दहा. पाच. मी दादांच्या बाहीला हात लावला. तेवढ्यात फाटक उघडलं, दादांनी गाडी पुढे काढली आणि काटा पुन्हा सरसर वर चढला.

"पळायला लागली की चढतो ना वर, मग झालं," दादा म्हणाले. "बुकात लिहिलंय तेच तेल आहे."

 पण घरी येऊन भांडी घासताना माझ्या डोळ्यांसमोर मिरवणूक आली. पुढे बँडवाले, त्यांच्यापुढे नाचणारे. दहा पावलं चालायचं, थांबायचं, नाचायचं, पुन्हा दहा पावलं. मे महिना, दुपारचे चार. ही गाडी तिथे पळणार कुठे होती? ती दोन तास फाटकाशी उभी राहिल्यासारखीच चालणार होती. पाक कढत असला की तार धरत नाही, तसं तेल पातळ होणार, आणि इंजिन सावकाश फिरत असलं की त्याला वर ढकलायला जोरही नाही.

रात्रभर वाट बघून सकाळी चहाच्या वेळी मी म्हटलं, "दादा, पन्नास नंबर घालू या."

"पन्नास? ते ट्रकला घालतात सुमे. बुकात तीस छापलंय."

"पण मिरवणुकीत गाडी उभीच असते."

"गाडी बनवणाऱ्या माणसांनी लिहिलंय ते. इंजिनिअर लोक असतात," ते समजुतीने म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता आणि मला तेच जास्त लागलं. मी चौथी शिकलेली. छापलेल्या पानासमोर मी काय बोलणार?

 मी आईची मोठी परात काढली. चुलीवर पातेल्यात पाणी उकळत ठेवलं, त्यात दोन वाट्या सोडल्या, एकीत तीस, दुसरीत पन्नास, आणि दोन्ही तेलं चांगली कढत होऊ दिली.

"ती माझी लाडवाची परात आहे," आई म्हणाली.

"घासून देते."

"तिला तेलाचा वास लागला तर तुझ्या लग्नाचे लाडू त्यातच करीन, लक्षात ठेव." पण तिनेच परातीखाली एका बाजूने पाट सरकवून ती तिरकी करून दिली. मग दादांना हाक मारली. मी दोन चमचे भरले आणि परातीच्या वरच्या काठावरून दोन्ही तेलं एकदम सोडली. तीस नंबर पाण्यासारखं धावत खाली गेलं आणि काठाशी साचलं. पन्नास नंबर मागून आलं, सावकाश, रुंद पट्टा धरून, जिथून गेलं तिथे जाड थर ठेवत.

आई वाकून बघत म्हणाली, "अहो, हे पहिलं काही लाडू धरायचं नाही."

दादा परातीवर वाकले. मग त्यांनी दोन्ही तेलं बोटात धरली, मी धरायची तशी. "पण सुमे, जाड तेल गार असताना वर चढायला वेळ लावतं. सकाळी चालू करताना इंजिन कोरडं फिरेल."

"मे महिन्यात गार सकाळ कुठे असते? आणि मिरवणुकीच्या आधी घटकाभर हळू चालू ठेवली की झालं."

"मग बुकात तसं का नाही लिहिलं?"

मला जे सुचलं ते मी बोलून गेले. "दादा, बुक लिहिणाऱ्याच्या गावात मिरवणूक निघत नसेल."

आई फिस्सकन हसली. दादांच्याही खांद्यांपासून हसू सुरू झालं. ते उठले, फळीवरून ते पुस्तक काढलं, पान उघडून पुन्हा एकदा वाचलं, आणि मिटून जागेवर ठेवलं. "चूक नाही त्यांची," ते म्हणाले. "त्यांना कुणी सांगितलं नाही. लग्नापुरतं पन्नास. लग्न झालं की ते काढून आपल्या उन्हाला चाळीस."

दौलतरावांना मात्र ते पचेना. गाडी न्यायला आले तेव्हा डबा बघून ते भडकलेच. "मिस्त्री, ही शर्यतीची गाडी हाय, मळीचा ट्रक नाय! पन्नास नंबर?"

"मिरवणुकीत ती ट्रकच आहे," दादा म्हणाले. "ट्रक तरी चालतो."

"बंद पडली तर?"

"पडली तर मी तुमच्या मांडवात सगळ्यांसमोर सांगेन की चूक माझी."  चूक असली तर ती माझी होती.

लग्नाच्या दिवशी आम्ही दोघं त्या गावी गेलो. मारुतीसमोर गाडी सजवून उभी होती, झेंडूच्या माळा, आंब्याचे टहाळे. जाता जाता दादा मला म्हणाले होते, "काम झालं की निघायचं. जेवायला थांबायचं नाही." का ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, मला ते माहीत होतं. दादांनी गाडी घटकाभर हळू चालू ठेवली. इंजिनला हवा लागावी म्हणून पुढचं झाकण चार बोटं वर उचललं आणि फटीत टेकण द्यायला हाताशी होता तो नारळ अडकवला. लोकांना वाटलं हा काही विधीच आहे. दोन सवाष्णी आल्या आणि त्या नारळाला हळदकुंकू लावून गेल्या. पाठोपाठ तिसरी आली, तिने तर गाडीच्या नाकाला ओवाळलं. दादा एवढे गंभीर उभे राहिले की मला तोंडाला ओढणी लावावी लागली.

नवरदेव मागच्या घडी केलेल्या छपरावर बसला, शेजारच्या जागेत करवली कलश घेऊन, आणि स्टिअरिंगवर दौलतराव. दादा उजव्या बाजूला इंजिनच्या आवाजाकडे कान लावून, मी डाव्या बाजूला पाण्याचा डबा घेऊन, नजर काट्यावर. बँड सुरू झाला. पहिला अर्धा तास काटा पंचविसाला होता. मग वीस. पोरं नाचत होती, धूळ उडत होती, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर उभी राहून माणसं बघत होती. विहिरीजवळ सगळ्यांनाच नाचायचा जोर आला. तिथे मिरवणूक जी थांबली ती हलेचना. पंधरा. माझ्या हातातल्या डब्याची कडी घामाने निसटत होती. बारा. दहा.

दौलतरावांनी काट्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. इंजिन जाम होईल या भीतीने त्यांचा हात किल्लीकडे गेला. मला कळलं की ते आता गाडी बंद करणार, आणि एवढं तापलेलं इंजिन एकदा बंद झालं की घटकाभर तरी पुन्हा सुरू होणार नाही. दादा पलीकडे होते, बँडमध्ये त्यांना ऐकू आलं नसतं. मी सगळा जीव एकवटून ओरडले, "बंद करू नका! तेलानं धरलंय!"

आणि नेमका त्याच क्षणी बँड थांबला.

माझा आवाज सगळ्या गावाने ऐकला. नाचणारे थांबले. ट्रॉलीवरची माणसं वाकली. नवरदेवाने मुंडावळ्या बाजूला करून माझ्याकडे पाहिलं. एरवी मी तिथेच जमिनीत गेले असते, पण माझी नजर काट्यावर होती. काटा दहावर होता. मी मनात दहा मोजले, मग आणखी दहा. काटा दहावरच होता.

दौलतरावांचा हात अजून किल्लीवरच होता. त्यांनी दादांकडे पाहिलं. दादांनी माझ्याकडे पाहिलं. "राहील का, सुमे?"

"राहील," मी म्हटलं.

"राहील," दादा दौलतरावांना म्हणाले.

दौलतरावांनी हात काढून घेतला आणि ते बँडवाल्यांवर ओरडले, "आरं वाजवा की! का गाडीनं वाजवायचं आता?"

पुढचा पाऊण तास मी कसा काढला ते मला आठवत नाही. गाडी मांडवाच्या दाराशी स्वतःच्या चाकांवर, स्वतःच्या इंजिनने गेली. काटा दहाच्या खाली एकदाही उतरला नाही. दौलतरावांची बहीण मांडवाच्या पडद्याआडून बघत होती. ती नवरदेवाकडे बघत होती की गाडीकडे, ते सांगता येणार नाही, पण हसत होती. दादांनी हत्यारांची पिशवी उचलली आणि मला निघायची खूण केली. तेवढ्यात दौलतराव माणसांतून वाट काढत आले, त्यांनी दादांचा मनगटाशी हात धरला आणि आम्हा दोघांना पंगतीत नेऊन बसवलं, कडेला नाही, मधोमध. एका म्हाताऱ्याने काहीतरी पुटपुटलं. दौलतरावांनी बुंदीचं ताट स्वतः हातात घेतलं आणि वाढायला माझ्यापासून सुरुवात केली. दादांनी खूप वेळ पहिला घास घेतला नाही. मग घेतला, आणि बुंदी तीनदा मागून घेतली.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी प्रेसचा भोंगा व्हायच्या आधीच आमच्या शेडसमोर ट्रॅक्टर उभा होता, चाकांना दिंडोरीकडची काळी माती. त्याच्यामागे आणखी एक. पहिल्याचा चालक दादांना म्हणाला, "मिस्त्री, तेल बदलायचंय. मिरवणुकीत वरडली ती ताई कुठं हाय? तिलाच इचारायचंय." दादांनी मला हाक मारली नाही की माझ्याकडे बोट दाखवलं नाही. त्यांनी फक्त चहाचा कप उचलला आणि ते घरात निघून गेले. तो माणूस माझ्याकडे बघत उभा राहिला. मी हात फडक्याला पुसले.

"फवारणी चालू असताना," मी विचारलं, "एका जागी किती वेळ उभा असतो हा?"

तो सांगायला लागला.